अण्णांचा डबा मी हाताने साफ केला

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक पूर्ण येतं, कॉम्प्युटर मात्र अर्धाच येतो. मॉनिटर घरी, कीबोर्ड घरी, स्पीकर घरी. येतो तो फक्त सीपीयू, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत ‘डबा’. कोणी तो मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून आणतं, कोणी उसाच्या ट्रॅक्टरवर मांडीशी धरून. एकाने तर आहेरात आलेल्या नव्याकोऱ्या चादरीत गुंडाळून आणला होता. डबा टेबलावर घ्यायचा, त्याला आपला मॉनिटर जोडायचा, दुखणं शोधायचं, बरं करून परत द्यायचं. सव्वीस वर्षं मी श्रीगोंद्यात हेच केलं. पण त्या डब्यासमोर घरी कोण बसतं आणि बसून काय करतं, हे मला क्वचितच कळलं. मी विचारलंही नाही, कारण तोवर पुढचा डबा दारात येऊन उभा असायचा.

गिऱ्हाइकाची तक्रार दहातल्या आठ वेळा एकच. ‘लई स्लो झालाय.’ आता कॉम्प्युटर हळू का होतो, ते सांगतो. सकाळी घरातली सगळी माणसं एकाच वेळी उठली आणि न्हाणीघरासमोर उभी राहिली, तर कोणाचंच वेळेत आवरत नाही. कॉम्प्युटरमध्येही तेच होतं. बटण दाबलं की वीस-पंचवीस प्रोग्राम न बोलावता एकदम जागे होतात आणि ज्याचं काम आहे तो बिचारा मागे राहतो. त्यावर उपाय दोन. एक म्हणजे तयार पॅकेज. हे एक सॉफ्टवेअर असतं, त्यात मोठं हिरवं बटण असतं, ते दाबलं की ते स्वतःच सगळीकडे फिरून कचरा काढतं. दुसरा उपाय हाताचा. कॉम्प्युटरच्या पोटात शिरायचं, एकेक प्रोग्राम बघायचा, कोण कामाचा आणि कोण फुकटा ते ठरवायचं, फुकट्याला घरी बसवायचं.

मी हातवाला. पॅकेजवाल्यांचा मला मनापासून तिटकारा. दुकानाच्या पाटीवर मी लिहून घेतलं होतं, ‘येथे कॉम्प्युटर हाताने साफ करून मिळेल.’ लोक हसायचे. एक मास्तर म्हणाले, “रफिकभाई, ही पाटी धोब्याची वाटते.” वाटू दे म्हटलं.

या तिटकाऱ्याला कारण होतं. राहात्याचा एक लग्नाचे फोटो काढणारा माझ्याकडे रडकुंडीला येऊन बसला होता. त्याने कुठलंसं पॅकेज घातलं होतं. त्या पॅकेजने सांगितलं, तुमच्याकडे एकसारखे फोटो हजारांनी आहेत, काढू का? हा म्हणाला, काढ. फोटोवाला एका क्षणाचे पाच-सहा फोटो घेतो आणि त्यातला एक निवडतो, हे त्या पॅकेजला कोण सांगणार? त्याने प्रत्येक झुबक्यातला पहिला ठेवला, बाकीचे उडवले. पहिल्या फोटोत नेमके नवरीचे डोळे मिटलेले. अख्ख्या हळदीत नवरी झोपलेली! नवरीच्या मामाने त्याची गचांडी धरायचीच बाकी ठेवली होती. हा किस्सा मी पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला रंगवून सांगितला. शेवटी म्हणायचो, “मशीनला काय कळतंय? त्याला माणसाची नजर लागते.” या वाक्यावर मी बरीच वर्षं खूश होतो.

मग अण्णांचा डबा आला.

तो घेऊन आला त्यांचा पुतण्या विशाल. घोड नदीच्या काठचं गाव, विशालचं खतं-औषधांचं दुकान. चांगला चाळिशीचा माणूस, पण घाईत. जीप चालूच ठेवून त्याने डबा टेबलावर ठेवला.

“चुलत्यांचा हाय. लई स्लो झालाय. पार नव्यावानी करून द्या.”

“काय काम करतात याच्यावर?”

“त्ये काय, रेकॉर्डिंग बिकॉर्डिंग. मला पुन्याला जायचंय, उद्या नेतो.” एवढं बोलून तो गेलाही.

मी डबा जोडला आणि चक्रावलो. पडदा काळाकुट्ट, त्यावर पिवळी अक्षरं, एकेक अक्षर पेढ्याएवढं. चिन्हं सगळी डाव्या बाजूला एकाखाली एक, त्यांच्या क्रमाला काही अर्थ लागेना. सुरुवातीलाच एक अनोळखी परदेशी प्रोग्राम जागा होत होता आणि तो प्रत्येक खिडकीला चिकटून बसत होता. मी काहीही उघडलं की हा तिथे हजर. चोरून नजर ठेवणारे प्रोग्राम असेच वागतात. एका कप्प्यात चिमुकल्या आवाजांच्या फायली, त्यांची नावं ‘कडी’, ‘कोंबडी’, ‘चमचा’, ‘पातेलं’. कॉम्प्युटरच्या नेहमीच्या टुंग-टांग आवाजांच्या जागी कोणीतरी हे आवाज बसवले होते. माझ्या टेबलाला स्पीकर नव्हता, म्हणून मी ते ऐकले नाहीत. नुसती नावं वाचून मला हसू आलं. घरातल्या कार्ट्याचा चाळा असणार, असं धरून चाललो.

दुपारभर मी त्या डब्यात राबलो, अगदी प्रेमाने. तो चिकटू प्रोग्राम मुळापासून उपटला. कोंबडी, कडी, पातेलं सगळं कायमचं पुसलं, कचरापेटीतसुद्धा ठेवलं नाही. कळ दाबली की शिट्टी वाजवणारी सोय चालू दिसली, तीही बंद केली. पडदा उजळ केला, अक्षरं माणसांसारखी केली, मागे हिरव्यागार उसाचा फोटो लावला. चिन्हं नावांप्रमाणे ओळीत लावली. डबा चाळीस सेकंदांत सुरू व्हायला लागला. दुसऱ्या दिवशी विशाल आला तेव्हा मी त्याला पडदा दाखवला. “आयला, भारीच!” म्हणाला. मी त्याला हळदीतल्या झोपलेल्या नवरीचा किस्सा सांगितला. तो हसत हसत डबा घेऊन गेला आणि गावात टेकवून तसाच पुन्हा पुण्याला निघाला.

हे बुधवारी झालं. शनिवारी दुकानात एक जोडपं आलं. बाई पुढे, डोक्यावर पदर. मागे साठीतला उंच माणूस, पांढरा शर्ट, बाईच्या खांद्यावर हात. मला वाटलं, पाय दुखत असेल. तो माणूस माझ्यापासून जरा बाजूला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बोलला.

“रफिकभाई तुमीच का? माजं मशीन बोलत न्हाई.”

मी दचकलो तो आधी आवाजाने. हा आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता. लाऊडस्पीकर लावलेली रिक्षा गल्लीतून जाते, ‘ऐका हो ऐका’ म्हणते, साड्यांचा सेल, कुस्त्यांचा फड, बैलपोळ्याची मिरवणूक, पाणीपट्टी भरा, गेलेल्या माणसाचा दहावा कुठे आहे. अर्ध्या तालुक्यातल्या त्या घोषणा याच आवाजात असायच्या. भरदार, एक शब्द दुसऱ्यावर न पडणारा. आमच्या घरात नसरीन, म्हणजे माझी बायको, हा आवाज आला की मिक्सर बंद करायची. तो आवाज माझ्या दुकानात उभा होता आणि त्याचे डोळे कॅलेंडरवर होते.

“तुम्हाला दिसत नाही?” माझ्या तोंडून एवढंच आलं. विचारायची ही काय रीत झाली!

“धा वर्सं झाली,” बाई म्हणाल्या. त्यांचं नाव सिंधूताई. “डोळ्याचा पडदा गेला. पुतन्यानं सांगितलं न्हाई का?”

मी खाली बसलो. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर, नसती तर जमिनीवर बसलो असतो. तो चिकटू प्रोग्राम म्हणजे अण्णांचे डोळे होते. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्राम. प्रत्येक खिडकीला चिकटणं हे तर त्याचं कामच! शिट्ट्या म्हणजे कोणती कळ दबली त्याची खूण. पिवळी अक्षरं होती ती नजर पूर्ण जाण्याआधीच्या दिवसांतली. आणि ती कोंबडी?

अण्णांनी सांगितलं. वाचणारा प्रोग्राम बोलतो, पण रेकॉर्डिंग चालू असताना त्याला बोलू देता येत नाही, नाहीतर त्याचं बोलणंही घोषणेत जातं. म्हणून अण्णांनी छोटे आवाज बसवले. फाईल उघडली की दाराची कडी. जतन झाली की पेल्यावर चमचा. काही पुसलं गेलं की पातेलं पडतं. जुन्या फाईलवर हात गेला की कोंबडी ओरडते. हे सगळं त्यांनी कोणाला न बोलावता, ऐकून-चुकून, स्वतःच्या हाताने बसवलं होतं. आवाज सिंधूताईंनी करून दिले. तयार पॅकेज त्यांनीही घेऊन बघितलं होतं. “त्येच्यातले समदे आवाज सारखेच वाटत्यात ओ,” अण्णा म्हणाले. “मला घरातला आवाज घरातल्यावानी कळतो.”

सव्वीस वर्षं हाताने कॉम्प्युटर साफ करतो म्हणून मिरवणारा मी, आणि माझ्याहून दसपट हाताचं काम या माणसाने डोळ्यांविना केलं होतं. मी ते एका दुपारी कचरा म्हणून काढलं. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांना ते दिसत नव्हतं, हे तर आणखीच वाईट.

पण खरा धक्का पुढेच होता. अण्णा इतकंच बोलून थांबले होते. बाकीचं सिंधूताईंनी सांगितलं.

गुरुवारी दुपारी ग्रामपंचायतीचा शिपाई आला. उद्या पहाटे धरणातून नदीत पाणी सोडणार, पात्रातल्या पाणी उपसायच्या मोटारी काढून घ्या, अशी घोषणा हवी होती. अण्णांचं मशीन सकाळपासून बोलत नव्हतं. विशाल पुण्याला. शिपायाला काय सांगायचं, मशीन मुकं झालं म्हणून? गावात आधीच काही जण म्हणायचे, की आंधळ्या माणसाला हे काम कशाला. अण्णांनी आठवणीवर काम केलं. कळा पाठ होत्या. रेकॉर्डिंग केलं, लावून ऐकलंही. ‘उद्या पहाटे’ असं स्पष्ट होतं. मग ते पेन ड्राइव्हवर घ्यायला वरून चौथ्या चिन्हावर गेले. ताजी फाईल कायम चौथ्या जागी, ही त्यांची रीत. चिन्हं तर मी नावांप्रमाणे लावून ठेवली होती! चौथ्या जागी आता मागच्या वेळची घोषणा होती. कोंबडी असती तर ओरडली असती.

शिपायाने पेन ड्राइव्ह रिक्षावाल्याला दिला आणि तो घरी गेला. रिक्षा आधी नदीकाठच्या वस्त्यांवर फिरली. ‘येत्या सोमवारी पाणी सोडण्यात येणार आहे, येत्या सोमवारी.’ आवाज अण्णांचा, म्हणजे शंकाच नको. दिवेलागणीच्या सुमाराला रिक्षा गावात, अण्णांच्या आळीत आली. ते ओट्यावर बसले होते. त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला, सोमवार म्हणणारा.

“असे उठले ना,” सिंधूताई म्हणाल्या, “की चप्पल न्हाई, काठी न्हाई. मला म्हनले, पळ, रिक्षा थांबीव. मी पळाले ओ आनवानी.”

अण्णा रिक्षात बसले, माईक हातात घेतला आणि पुन्हा सगळ्या वस्त्या फिरले. ‘मघाची घोषणा चुकीची आहे, पाणी उद्या पहाटे येणार.’ ज्यांच्या कानावर पडलं ते पात्रात धावले. ज्यांच्या नाही पडलं, त्यांच्या तीन मोटारी पहाटे पाण्याखाली गेल्या. माणूस कोणी गेलं नाही. सिंधूताईंनी हे दोनदा सांगितलं, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून. मला बरं वाटलं नाही. पहाटे मोटार काढायला कोणी पात्रात उतरलं असतं तर?

रविवारी मी दुकान बंद ठेवून अण्णांच्या घरी गेलो. पुसलेल्या फायली परत मिळवता येतात, पण त्यांच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तरच. मी उसाचा तो सुंदर फोटो आणि आणखी बरंच काही भरलं होतं. सापडलं फक्त पातेलं, तेही अर्धं. मग नव्याने कामाला लागलो. वाचणारा प्रोग्राम बसवला. अण्णा शेजारी बसून सांगत होते आणि मी मॉनिटर बंद ठेवून काम करत होतो, तशी त्यांची अटच होती. सिंधूताईंनी कडी वाजवली, चमचा वाजवला, पातेलं पाडलं. कोंबडीसाठी अर्धा तास अंगणात पळापळ झाली. कोंबडी काही ऐनवेळी ओरडेना. शेवटी सिंधूताईच कोंबडीसारख्या ओरडल्या आणि अण्णा पोट धरून हसले. मीही हसलो, पण लगेच लाज वाटली.

सोमवारी दुकानात मी एक प्रयोग केला. मनात एक आशा होती, ती खोटी होती हे आता लिहितो. मला सिद्ध करायचं होतं, की एखादं पॅकेजही हेच करून बसलं असतं. एका रिकाम्या डब्यात मी अण्णांसारखी मांडणी केली, तोच वाचणारा प्रोग्राम, तसेच बदललेले आवाज. मग ज्याला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या ते हिरव्या बटणाचं पॅकेज घालून बटण दाबलं. त्याने कचरा काढला. वाचणाऱ्या प्रोग्रामला हातही लावला नाही. खाली एक ओळ दिली, की हा प्रोग्राम दृष्टिहीन व्यक्तींच्या उपयोगाचा आहे, तसाच ठेवला आहे. आवाजांबद्दल म्हणालं, हे वापरणाऱ्याने स्वतः बदललेले दिसतात, बदल करू का? आणि थांबून राहिलं. मी त्या ओळीकडे बघत बसलो. चहा गार झाला. पॅकेजला जे कळत नव्हतं, ते त्याने विचारलं. मला जे कळत नव्हतं, ते मी पुसलं.

पाटी मी त्याच दिवशी उतरवली. पण एवढ्याने मन भरेना. अण्णांचं काम गेलं तर माझ्यामुळे जाणार होतं. गावात बोलणं सुरू होतंच, की आता मोबाईलमधला तयार आवाज वापरू, त्यात ही भानगड नाही. मी ठरवलं, उघडपणे सांगायचं. मंगळवारी ग्रामपंचायतीची बैठक होती. मी मोटरसायकल काढली आणि थेट जाऊन उभा राहिलो. सरपंचबाई, पंच, शिपाई, ज्यांच्या मोटारी गेल्या ते तिघे, आणि मागे खुर्चीवर अण्णा. मी सगळं सांगितलं. चूक माझी, अण्णांचा काडीचा दोष नाही, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत मशीनमध्ये मी काय केलंय. मोटारींच्या दुरुस्तीचे पैसे माझ्याकडून घ्या. सरपंचबाईंनी डोळ्यांना पदर लावला. एक म्हातारे पंच म्हणाले, “मान्सानं असं आसावं.”

मी खरंच स्वतःवर खूश होऊन खाली बसलो.

तिथल्या तिथे ठराव झाला. काम अण्णांकडेच राहील. मात्र यापुढे प्रत्येक घोषणा बाहेर जाण्याआधी कारकून अण्णांच्या घरी जाऊन मशीन बघेल, फाईल तपासेल, पेन ड्राइव्हवर तोच घेईल. “अन्नांस्नी तरास नको,” सरपंचबाई म्हणाल्या. “बिचाऱ्यांना मशीनमधलं काय झालं त्ये कळत न्हाई, त्येंचा काय दोष!”

बाहेर आलो तर अण्णा चिंचेखाली उभे होते, सिंधूताईंच्या खांद्यावर हात ठेवून. मला वाटलं, आभार मानतील. मी म्हणालोही, “अण्णा, आभार-बिभार काही नको.”

“रफिकभाई,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, रिक्षावरून येतो तसा स्पष्ट होता. “शनिवारी रातच्याला मी सरपंचबाईंच्या घरी जाऊन आल्तो. सांगितलं, चूक माजी हाय. पेन ड्राइव्ह देन्याआदी येकदा ऐकायला पायजे हुता, ऐकला न्हाई. म्होरं ऐकून देईन. बाई म्हनल्या, ठीक हाय अन्ना, मानूस चुकतो. तिथंच मिटलं हुतं.”

“चुकलेल्या मान्साला पुन्यांदा काम देत्यात. आता त्ये म्हनत्यात, ह्याला काय कळतच न्हाई. आता कारकून येऊन माज्या मशीनवर बसनार. धा वर्सं कुनाला बसू दिलं न्हवतं.”

“अण्णा, मला वाटलं...”

“तुमाला वाटलं,” अण्णा म्हणाले. “सभेत उभं ऱ्हायच्या आदी मला इचारलं हुतं का?”

सिंधूताईंनी त्यांचा हात खांद्यावर नीट घेतला आणि दोघं घराकडे चालू लागली.